उद्यानातील वास्तू आणि लोकसेवेचा भाडेपट्टा



शहराचे उद्यान म्हटले की हिरवळ, सावली देणारे वृक्ष, फुलांचे ताटवे आणि मुलांची खेळणी डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु बहुतेक जुन्या उद्यानांत आणखी एक संपत्ती असते व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे उद्यानातील लहानमोठ्या वास्तू. प्रवेशद्वाराजवळची चौकी, माळ्यांची जुनी निवासस्थाने, अवजारांचे कोठार, बँडस्टँड, एखाद्या वाचनालयाची खोली, व्यायामशाळा, कधी काळी चालू असलेले उपाहारगृह अशा अनेक इमारती उद्यानाच्या कुंपणाच्या आत उभ्या असतात. त्यांपैकी कित्येकांच्या दारांना वर्षानुवर्षे कुलूप लागलेले असते.

कुलूपबंद वास्तूंचा प्रश्न

बंद वास्तू आहे तशी टिकून राहत नाही. पहिल्या वर्षी छपराची दोनचार कौले सरकतात. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींत ओल उतरते. पुढे भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप मूळ धरते, खिडक्यांची तावदाने फुटतात आणि रात्रीच्या वेळी नको त्या लोकांचा तेथे वावर सुरू होतो. अखेरीस इमारत धोकादायक ठरते आणि ती पाडण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो. जी दुरुस्ती आरंभी अल्प खर्चात झाली असती, ती न झाल्यामुळे सार्वजनिक मालकीची एक वास्तू नाहीशी होते.

यात नगरपालिकेची केवळ अनास्था असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती आणि आरोग्य यांचा भार वाहिल्यानंतर अंदाजपत्रकात उद्यानातील चौकीसाठी थोडेच उरते. दुसऱ्या बाजूला त्याच वस्तीत जागेच्या शोधात असलेली मंडळी असतात. महिला मंडळाला बालवाडीसाठी खोली हवी असते, ज्येष्ठ नागरिकांच्या संघाला बसण्याउठण्यास जागा नसते, अभ्यासिकेसाठी विद्यार्थी वणवण करीत असतात आणि वृक्षप्रेमी मंडळींना रोपे व अवजारे ठेवण्यासाठी चार भिंती लागतात. एकीकडे वापराविना पडलेली वास्तू आणि दुसरीकडे जागेविना अडलेली सेवा, असे हे चित्र आहे. या दोहोंची सांगड घालावी, अशी वास्तू एखाद्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेला भाडेपट्ट्याने द्यावी, ही कल्पना त्यातूनच पुढे येते.

कल्पना चांगली आहे. मात्र तिच्या अंमलबजावणीत दोन टोकाच्या चुका संभवतात. वादाच्या भीतीने कोणालाच काही न देणे ही पहिली, आणि संस्थेच्या चांगल्या नावावर विसंबून एका ओळीच्या ठरावाने ताबा देऊन मोकळे होणे ही दुसरी. पहिल्या चुकीत इमारत जाते, दुसरीत लोकांचा हक्क जातो. म्हणून वास्तू कोणाला द्यावी याइतकाच ती कोणत्या अटींवर द्यावी हा प्रश्न विचारात घेतला पाहिजे.

उद्यान ही लोकांची ठेव

नगरपालिकेच्या मालकीचे दुकान आणि नगरपालिकेच्या उद्यानातील खोली यांत मूलभूत फरक आहे. दुकान उत्पन्नासाठी बांधलेले असते. उद्यानाची जमीन लोकांच्या विरंगुळ्यासाठी आणि आरोग्यासाठी राखून ठेवलेली असते. तिच्याबाबत नगरपालिका ही मालक कमी आणि विश्वस्त अधिक असते. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा नागरी संस्थांच्या कार्यकक्षेतील विषय म्हणून नमूद करण्यात आला आहे.

न्यायालयांनीही हे तत्त्व वेळोवेळी अधोरेखित केले आहे. बंगलोर येथे उद्यानासाठी राखलेला भूखंड एका खाजगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आला होता. परिसरातील रहिवाशांनी त्याला आव्हान दिले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरविले. रुग्णालय ही उपयुक्त संस्था होय, याबद्दल दुमत नव्हते. परंतु उद्यानाचा हेतू बदलून ती जागा खाजगी संस्थेकडे सोपविण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. लखनौ येथील झंडेवाला पार्कच्या जमिनीखाली बाजारपेठ उभारण्याचे काम निविदा न मागविताच एका बांधकाम कंपनीला देण्यात आले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून टाकून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. हेतू कितीही चांगला असला तरी उद्यानाचे उद्यानपण गमावून तो साधता येत नाही, हा धडा या दोन्ही प्रकरणांतून मिळतो.

मोबदल्याच्या बाबतीतही कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ७९ मध्ये स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असू नये, असे तत्त्व घालून दिलेले आहे. बृहन्मुंबईसाठी १८८८ चा आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम लागू असून त्यांत मालमत्तेच्या विनियोगाच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. तेव्हा वर्षाला एक रुपया भाडे आकारण्याचा ठराव हा केवळ सभागृहाच्या सद्भावनेचा विषय राहत नाही. अशी सवलत कोणत्या तरतुदीखाली व कोणाच्या मान्यतेने दिली जात आहे, हे ठरावापूर्वीच तपासून घ्यावे लागते.

इंग्लंडमधील अनुभव

सार्वजनिक उद्यानाची आधुनिक कल्पना ज्या देशात रुजली, त्या इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा बराच ऊहापोह झालेला आहे. लिव्हरपूलजवळचे बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि त्यानंतर गावोगावी अशी उद्याने झाली. प्रत्येकात रखवालदाराचे घर, मंडप आणि बँडस्टँड असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरसंस्थांचा निधी आटला, तेव्हा या वास्तू बंद पडू लागल्या आणि त्या स्थानिक धर्मादाय संस्थांकडे सोपविण्याची प्रथा वाढली.

तेथील १९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे सार्वजनिक जमीन देताना शक्य तितका उत्तम मोबदला घ्यावा लागतो. सात वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यांना ही अट नाही. शिवाय २००३ मध्ये सरकारने अशी सर्वसाधारण संमती दिली की, व्यवहारामुळे परिसराचे आर्थिक, सामाजिक वा पर्यावरणविषयक हित साधत असेल, तर २० लाख पौंडांपर्यंतची सूट नगरसंस्थेला देता येईल. म्हणजे सवलतीला वाव ठेवला. पण ती किती रकमेची आहे आणि तिच्या बदल्यात लोकांना काय मिळते, याचा हिशेब मांडणे भाग पाडले. याखेरीज खुली जागा द्यावयाची असल्यास स्थानिक वृत्तपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहीर सूचना देऊन हरकतींचा विचार करावा लागतो.

ही सूचना म्हणजे निव्वळ कागदी उपचार असे ज्यांना वाटते, त्यांनी श्रूजबरी येथील प्रकरण पाहावे. तेथील नगर परिषदेने क्रीडांगणाच्या जमिनीचा एक भाग जाहीर सूचना न देता २०१७ मध्ये विकला. पुढे त्यावर घरे बांधण्याची परवानगीही मिळाली. परंतु एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सूचना न दिल्यामुळे त्या जमिनीवरील लोकांचा हक्क विक्रीनंतरही शाबूत राहिला आहे. बांधकामाची परवानगी रद्द झाली. लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस ही उद्यानातील भव्य वास्तू १२५ वर्षांच्या कराराने एका विकासकाला देण्याचा बेतही २००७ मध्ये न्यायालयात टिकला नाही. लोकांचे मत मागविले, पण कराराच्या अटी मात्र त्यांना पाहू दिल्या नाहीत, हा दोष तेथे भोवला. अटी झाकून मागविलेले मत हे मत नव्हे, असाच याचा अर्थ होतो.

आर्थिक पायाविषयी दोन परस्परविरोधी उदाहरणे उद्बोधक आहेत. मिल्टन कीन्स या नव्या शहरात १९९२ मध्ये सुमारे ४,५०० एकरांची उद्याने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका स्वतंत्र धर्मादाय न्यासाकडे सोपविण्यात आली. त्याच वेळी सुमारे दोन कोटी पौंडांची कायम ठेव, प्रामुख्याने भाड्याचे उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेच्या रूपाने, न्यासाच्या हवाली करण्यात आली. त्या उत्पन्नावर न्यासाचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. न्यूकॅसल शहराने २०१९ मध्ये आपली उद्याने १२५ वर्षांसाठी एका नव्या धर्मादाय संस्थेकडे दिली. तिच्यापाशी तशी कायम ठेव नव्हती. स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, अशी अपेक्षा होती. पाठोपाठ करोनाची साथ आली. अखेर २०२४ मध्ये उद्याने पुन्हा नगर परिषदेच्या कारभारात घेण्याचे ठरले. करारावर लिहिलेली वर्षे संस्थेला तारीत नाहीत. तिच्या पाठीशी असलेले उत्पन्नाचे साधन तिला तारते.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रालाही या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे आणि तो दोन्ही प्रकारचा आहे. पुण्याचे एम्प्रेस गार्डन ही जुनी बाग अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेकडून चालविली जाते. ही संस्था एकोणिसाव्या शतकातील असून तिचे वार्षिक पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे. पिढ्या बदलल्या तरी संस्था टिकून राहू शकते आणि बाग लोकांसाठी खुली राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण वास्तूच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. १८७२ मध्ये लोकांना खुली झालेली ही इमारत महानगरपालिकेच्या मालकीची आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिला जीर्णावस्था आली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, वारसा-संवर्धनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जीर्णोद्धाराच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. हा रूढ अर्थाने भाडेपट्टा नव्हता, तसेच ही वस्तीपातळीवरची संस्थाही नव्हती. तथापि त्यातील सूत्र लहान वास्तूलाही लागू पडते. मालकी महानगरपालिकेची राहिली, तज्ज्ञता एका संस्थेने आणली, निधीचा वाटा दुसरीने उचलला आणि प्रत्येकाची जबाबदारी लेखी ठरली.

याच शहरातील मोकळ्या भूखंडांच्या धोरणाचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. देखभालीसाठी उद्याने व क्रीडांगणे खाजगी संस्थांना दत्तक देण्याच्या आणि काळजीवाहू नेमण्याच्या योजनेतून काही ठिकाणी नागरिकांच्या संस्थांनी उत्तम काम केले. काही ठिकाणी मात्र देखभालीच्या मोबदल्यात बांधकामाची मुभा मिळाली, तेथे क्लब उभे राहिले आणि सभासदत्वाचे शुल्क भरू न शकणाऱ्या नागरिकाला आपल्याच मैदानाच्या फाटकाबाहेर थांबावे लागले. नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर २००७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने या धोरणांना स्थगिती दिली, तर दोनशेहून अधिक भूखंड परत ताब्यात घेण्याचे काम महानगरपालिकेला हाती घ्यावे लागले. दिलेली जागा परत मिळविणे हे देण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हे यावरून दिसून येते.

करारात काय असावे

या सर्व अनुभवांचा निष्कर्ष कराराच्या मसुद्यात उतरला पाहिजे. पहिला प्रश्न कराराच्या स्वरूपाचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, तर त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे अनुज्ञप्तीने केवळ वापराची परवानगी मिळते. संस्था नवी असेल, तर प्रारंभी अकरा महिन्यांची अथवा तत्सम अल्प मुदतीची अनुज्ञप्ती देऊन काम पाहावे आणि कसोटीस उतरल्यावर भाडेपट्ट्याचा विचार करावा, हे उभयपक्षी हिताचे ठरते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदविणे आवश्यक आहे. नोंदणीविना केलेले दीर्घ मुदतीचे करार पुढे दोन्ही पक्षांना अडचणीत आणतात.

मुदत ठरविताना संस्थेची बाजूही समजून घ्यावी. जी संस्था छपराच्या दुरुस्तीसाठी देणगीदारांकडे जाते, तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की, ही जागा तुमच्याकडे किती वर्षे राहणार? दोन वर्षांनी सोडावयाच्या खोलीवर कोणीही पैसा खर्च करणार नाही. म्हणून जेथे मोठी दुरुस्ती अपेक्षित आहे, तेथे मुदतही त्या प्रमाणात असावी आणि ठरलेल्या वर्षांत दुरुस्ती पुरी न झाल्यास करार संपुष्टात आणण्याचे कलम असावे.

दुरुस्तीची विभागणी हा सर्वांत नाजूक भाग होय. संपूर्ण इमारतीची सर्व दुरुस्ती भाडेकरू संस्थेने करावी, असे एक वाक्य लिहून टाकणे सोपे आहे. परंतु वर्गणीवर चालणाऱ्या लहान संस्थेच्या माथी शंभर वर्षांच्या जुन्या भिंती आणि पाया मारला, तर एका पावसाळ्यात संस्था मोडते आणि मोडकी इमारत नगरपालिकेकडे परत येते. छप्पर, भिंती व पाया यांची जबाबदारी मालक म्हणून नगरपालिकेकडे, आणि आतील रंगकाम, वायरिंग, नळ व दैनंदिन स्वच्छता संस्थेकडे, अशी विभागणी बहुधा न्याय्य ठरते. ताबा देण्याच्या दिवशी अभियंत्याच्या उपस्थितीत इमारतीच्या स्थितीचा सचित्र पंचनामा करून तो कराराला जोडावा. आधीची भेग कोणती आणि नंतरची कोणती, हा वाद त्यामुळे टळतो.

भाडे नाममात्र ठेवावयाचे असल्यास बाजारभावाचे भाडे किती झाले असते, तो आकडा करारातच नमूद करावा. ही तफावत म्हणजे नागरिकांनी संस्थेला दरवर्षी दिलेली देणगी होय. तिची परतफेड सेवेच्या रूपाने झाली पाहिजे आणि ती सेवा मोजता येईल अशा शब्दांत लिहिली पाहिजे. समाजहिताची कामे करावीत, एवढे लिहून भागत नाही. अभ्यासिका आठवड्यातून किती दिवस व किती तास खुली राहील, सभासद नसलेल्यास प्रवेश कसा मिळेल, शुल्क असल्यास ते किती व कोणाला माफ, वस्तीतील अन्य मंडळांना खोली महिन्यातून किती वेळा मिळेल, उद्यानात येणाऱ्यांसाठी स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी खुले राहील काय, या गोष्टी स्पष्ट असाव्यात. पोटभाडे, लग्नसमारंभ, जाहिरातफलक, वाढीव बांधकाम आणि खाजगी वाहनतळ यांना स्पष्ट मनाई असावी. इमारतीभोवती वेगळे कुंपण घालू देऊ नये. एकदा कुंपण पडले की वास्तू उद्यानापासून तुटते आणि काही वर्षांत ती उद्यानाची होती, हेच लोक विसरतात.

संस्थेची निवडही उघडपणे व्हावी. वास्तू द्यावयाची आहे अशी सूचना उद्यानाच्या फाटकावर व वृत्तपत्रात लावावी, कराराचा मसुदा लोकांना वाचण्यास उपलब्ध करावा आणि हरकती ऐकून मगच निर्णय घ्यावा. दरवर्षी संस्थेने लेखापरीक्षित हिशेब आणि कामाचा अहवाल उद्यानातच जाहीर सभेत मांडावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक आहेच. तेच हिशेब शेजाऱ्यांपुढे मांडल्याने विश्वास वाढतो.

संस्थेची तयारी

सेवाभावी मंडळींनीही ताबा घेण्यापूर्वी आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे. उत्साहाच्या पहिल्या वर्षी रंगरंगोटीला वीस हात मिळतात. पाचव्या वर्षी विजेचे बिल, विम्याचा हप्ता आणि तुंबलेला नळ यांसाठी दोनच हात उरतात. पुष्कळशा संस्था एका कार्यकर्त्याच्या तळमळीवर उभ्या असतात आणि तो थकला की दार पुन्हा बंद होते. म्हणून कार्यकारिणीत तरुणांचा प्रवेश, किमान एका वर्षाच्या खर्चाची शिल्लक आणि कामांची लेखी वाटणी ही पूर्वतयारी असावी. झेपत नसेल तर पूर्ण इमारत न घेता एक खोली घ्यावी. अशक्य झाल्यास सन्मानाने जागा परत करण्याची रीतही करारात असावी, म्हणजे संस्था भिडेखातर कुलूप लावून बसणार नाही.

नगरपालिकेनेही ताबा दिला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानू नये. स्वयंसेवक हे वेतनी माळ्याची किंवा चौकीदाराची जागा भरून काढण्यासाठी नसतात. नगरपालिकेच्या सेवेला जोड देण्यासाठी ते आलेले असतात. उद्यान अधीक्षकाने वर्षातून दोनदा तरी इमारतीची पाहणी करून लेखी नोंद ठेवली, तर लहान दोष वेळीच दूर होतात आणि संस्थेलाही आपल्यामागे कोणी आहे, असे वाटते.

लोकशाहीत लोकसहभाग हा शब्द वारंवार उच्चारला जातो. त्याची खरी परीक्षा अशा लहान व्यवहारांत होते. उद्यानातील एका खोलीचा करार ही राज्याच्या कारभारात फार मोठी बाब नव्हे. परंतु त्या खोलीत सायंकाळी दिवा लागतो किंवा नाही, तेथे शेजारच्या झोपडपट्टीतील मुलगा अभ्यासाला बसू शकतो किंवा नाही आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे किंवा नाही, यावर त्या शहराच्या नागरी जीवनाचे मोल ठरते. मालकी लोकांची, देखरेख नगरपालिकेची आणि सेवा संस्थेची, ही विभागणी ज्या करारात स्पष्ट लिहिलेली असेल, तो करार निःशंक मनाने करावा. ज्यात ती नसेल, तो किल्ली देण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचावा आणि दुरुस्त करून घ्यावा.